३१ डिसेंबरपर्यंत उपलब्ध

"तुमच्याकडे नेट आहे का हो?"

मी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, एकदम नेट! तो बिचारा एका हातानं वडिलांना सावरत, दुसऱ्या हातात त्यांचा डबा आणि मफलर सांभाळत उभा होता.

"आहे ना जी. काहून?"

"बाबांचं उपाशीपोटीचं रक्त घेऊन झालंय. आता त्यांना जेवू द्या. दुसरं रक्त दोन तासांनी घेऊ. तोवर मोबाईलवर 'संत्रागल्ली' लावून ठेवा. पाहिली नाही तरी चालेल, नुसती चालू राहू द्या."

"अन् नाही लावली तं?"

"तर दुसरं रक्त मोठ्या सुईनं काढायला सांगीन."

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आत गेला... आणि मी उगाचच काउंटरवरचं पेन उचलून परत ठेवलं.

प्रताप नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटर सांभाळते. डिसेंबरची सकाळ म्हणजे आमच्याकडे स्वेटरवाल्या शुगर पेशंटांची जत्रा. दोन तास जागचं न हलणारी इतकी माणसं, बाप्पा, अख्ख्या नागपुरात मला दुसरीकडे कुठं मिळणार होती? म्हणून डिसेंबर लागल्यापासून मी एकेकाला पकडून ती मालिका लावायला लावत होते. डॉक्टरांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण त्या दिवसांत मला नोकरीची पडली नव्हती.

'संत्रागल्ली' आठ भागांची मालिका, आपल्या नागपुरातच झालेली. त्यातल्या हिरोचा मित्र म्हणजे माझा धाकटा भाऊ, ऋषी. ती आली तेव्हा आम्ही कॉलनीभर पेढे वाटले. पुढच्याच वर्षी काटोल रोडवर एका ट्रकनं त्याला... असो. 'असो' म्हणायला मी शिकले. आई नाही शिकली. ती रोज संध्याकाळी ताट वाढून घेते, टीव्हीवर 'संत्रागल्ली' लावते, आणि ऋषी पडद्यावर आला की पहिला घास घेते. तो दिसला नाही तर घास हातातच वाळतो. मागे एकदा आमच्याकडचं नेट गेलं होतं, तर आईला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं.

त्यामागे एक कारणही आहे. शूटिंगच्या दिवसांत ऋषी कुठं कुठं जेवून यायचा आणि आई ताट झाकून बसलेली असायची. एकदा नरखेडकडून आला तो ढेकर देतच. आईचं डोकं फिरलं. तिनं भरलेलं ताट त्याच्या डोळ्यांसमोर मोरीत ओतलं आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. ते ओतलेलं ताट आता तिला घास गिळू देत नाही.

आणि नोव्हेंबर संपता संपता मालिकेच्या चित्राखाली बारीक अक्षरं उमटली... '३१ डिसेंबरपर्यंत उपलब्ध.'

मला वाटलं, कोणी पाहत नाही म्हणून काढून राहिले असतील. दुकानदार न खपणारा माल काढतो तसं. मग लोकांना पाहायला लावायचं, एवढीच माझी अक्कल.

त्या सकाळी त्याच्या बाकाजवळून जाताना मी वाकून पाहिलं. त्यानं मालिका लावली होती खरी, पण आवाज बंद करून, आणि मोबाईल मांडीवर उलटा.

"हे काय? असा उलटा?"

"तुमीच म्हणलं ना, नाही पायली तरी चालते."

मी नाव विचारलं. धम्मानंद. नरखेड तालुक्यातला, कळमन्याच्या मार्केटात एका संत्र्याच्या अडत्याकडे कामाला. वडिलांचं नाव कवडू. आई नाही.

दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट घ्यायला हजर.

"रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता की."

"रेंज नव्हती जी."

"कळमन्यात रेंज नव्हती?"

"माह्या मोबाईलले नव्हती." कान लाल करत त्यानं खिशातून एक संत्रं काढून काउंटरवर ठेवलं. "आजच्या लिलावातलं आहे. गोड निघालं तं सांगा."

"आणि आंबट निघालं तर?"

"तं उद्या दुसरं आणतो."

संत्रं साखरेसारखं गोड होतं. मी त्याला आंबट सांगितलं.

असं ते सुरू झालं. रोज एक संत्रं, रोज माझं तोंड वाकडं करणं, आणि रोज त्याचं "बरं, उद्या पाहू." मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. लॅबमधल्या औषधी वासात त्याच्या बोटांचा तो सालीचा वास यायचा आणि माझी दुपार त्या वासावर निघायची. ऋषी गेल्यानंतर मी आरशात धड पाहिलं नव्हतं... आता टिकली सरळ लागली की नाही ते पाहायला लागले. लाज वाटायची स्वतःची. घरात आई तशी, आणि मी टिकली पाहून राहिले!

एका संध्याकाळी अवकाळी आला. लॅबसमोरच्या चहाच्या टपरीवर पत्र्याखाली आम्ही दोघं अडकलो. तो भिजला होता, आणि त्याचं सगळं लक्ष आभाळाकडे. गारा पडल्या तर बागांचं काय, याची काळजी. मी माझा स्टोल पुढे केला.

"पुसा डोकं."

"खराब होईन जी."

"धुता येतो."

त्यानं डोकं पुसलं, स्टोल घडी घालून परत द्यायला हात पुढे केला, आणि... दिलाच नाही. तसाच धरून बसला. मीही मागितला नाही. पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता.

"मॅडम, एक सांगू?" तो म्हणाला. "लोकं पाहत नाही म्हणून नाही काढत ते."

"मग?"

"त्या अ‍ॅपवरचं लयसं त्यायच्या मालकीचंच नसते. भाड्यानं आणलेलं राहते, काही वर्षांपुरतं. मुदत सरली की पुन्हा करार, नाही तं उतरवा. अन् मालिकेचा करार वेगळा, तिच्यातल्या गाण्याचा वेगळा. गाणंवाला नाही म्हणला, तरी अख्खी मालिका जाते."

"एका गाण्यासाठी? मग तेवढं गाणं कापा!"

"कापणार कोण? बनवणारी कंपनी बुडाली. कापायले, नवं गाणं बसवायले पैसा लागते. अन् पाहणारे कोण, तं तुमच्या लॅबमधले शुगरवाले बुढे. त्याच्यापेक्षा काढून टाकणं सस्तं पडते त्यायले."

माझ्या हातातला चहा गार झाला. म्हणजे इतक्या दिवसांची माझी सगळी खटपट फुकट. मी त्याला सगळं सांगून टाकलं. मोबाईलवर उतरवून घ्यायला गेले तर नुसता काळा पडदा येतो. टीव्हीसमोर दुसरा मोबाईल धरून शूट केलं, तर आई म्हणाली, "हा माझा ऋषी नाही, हा भुतासारखा हलतो." बुडालेल्या कंपनीचा माल कुठं गेला कोणाला माहीत नाही. चोरून टाकणारेही इतके असतात, पण ही मालिका चोरायलाही कोणी आलं नाही हो!

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" मी विचारलं.

"वाचलं... कुठंतरी."

"आणि असा कोण भैताड आहे, जो एका गाण्यासाठी माझ्या आईच्या तोंडचा घास काढून राहिला? भेटू दे मला एकदा!"

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. हातातल्या स्टोलची घडी आणखी लहान करत म्हणाला, "असन कोणी."

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत शहरातले अर्धे रस्ते बंद असतात. कवडूबाबांची पुन्हा तपासणी होती त्या सकाळी धम्मानंद त्यांना दारात सोडून गाडी लावायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही. पहिलं रक्त देऊन बाबांनी डबा उघडला, भाकर मोडली. एकटेच जेवत होते म्हणून मी शेजारी जाऊन बसले. माझ्या डोक्यात काय होतं ते स्पष्टच सांगते... या घरात मला जायचं होतं. म्हणून वाटलं, यांना माझा ऋषी दाखवावा.

"बाबा, हा पाहा माझा भाऊ."

मी तिसरा भाग लावला. त्यात ऋषीचं सगळ्यात चांगलं काम आहे. दारूच्या गुत्त्यात तो बाकड्यावर बसतो, ग्लास वर धरतो आणि असा काही हसतो की कोणालाही त्याचे मुके घ्यावेसे वाटतील. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला माझा भाऊ, काय पिऊन दाखवलं होतं त्यानं! आणि मागून एका बाईचा आवाज येतो, जात्याची घरघर येते...

'दारूच्या भट्टीवरी टाकली म्या राख बाई,
भीमाच्या लेकीले आता कोणाचा धाक न्हाई.'

बाबांच्या हातातला भाकरीचा तुकडा डब्यात पडला.

"हे वच्छला व्हय," ते म्हणाले. "माही वच्छला व्हय हे."

मला काही कळेना. त्यांनी माझा मोबाईल दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर ग्लास भरले जात होते, माणसं टेबलं बडवत होती.

"काहून वं पोरी?" ते मला विचारू लागले. म्हातारे डोळे घळाघळा वाहत होते. "ते गुत्त्यात काहून गाऊन राहिली? तिनं तं गुत्ता बंद केल्ता... मार खाल्ला होता तिनं त्याच्यापायी. मंग तिले तिथं कोणं बसवलं?"

मी मान वर केली. दारात धम्मानंद उभा होता.

लॅबच्या मागच्या जिन्यात त्यानं मला सगळं सांगितलं. त्याच्या आईनं, वच्छलाबाईनं, गावातल्या बाया गोळा करून दारूची भट्टी विझवली होती. भट्टीवाल्यांनी तिचा हात मोडला, तो पुढे कधी सरळ झाला नाही. त्याच हातानं जातं ओढत ती स्वतः जुळवलेल्या ओव्या गायची. मालिकावाले गावात आले, ओवी आवडली म्हणाले, बागेच्या सीनला लावू म्हणाले. आईनं सगळं लेकावर सोपवलं, आणि धम्मानंदनं तीन वर्षांसाठी सही दिली.

"आली तवा म्याच दाखवली तिले मोबाईलवर. मोठ्या हौसेनं." तो म्हणाला. "पायलं तिनं. मोबाईल माह्या हातात देला अन् चुलीपाशी जाऊन बसली. मंग कधीच नाही गायली. जात्यावर बी मुक्यानं बसायची. पुढच्या उन्हाळ्यात गेली. बाबाले आम्ही कधी दाखवलंच नव्हतं."

"म्हणजे तो भैताड..."

"मीच व्हय."

"आणि इतके दिवस माझ्यासमोर बसून संत्री खाऊ घालत होतात?"

"रोज सांगाचं ठरवून येत होतो. पण तुमी हसत होत्या जी. तुमाले हसताना पाहून... नाही सांगता आलं."

माझ्या अंगाची नुसती आग झाली. कोणावर, तेच कळेना. त्याच्यावर? मालिकावाल्यांवर? मी तर त्या गाण्यावर माझ्या भावाचं कौतुक करत होते!

"मी सही करतो," तो एकदम म्हणाला. "अ‍ॅपवाल्यायचे फोन येऊन राहिले. हो म्हणलं की झालं. तुमची आई जेवन तरी."

आणि खरं सांगू? मला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. त्याची आई गेलेली, माझी जिवंत आहे... इतका हलका हिशेब माझ्या मनात आला. वर लॅबमध्ये बाबा रडताना ऐकू येत होते.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "आत्ता जा इथून."

नंतरचे दिवस फार वाईट गेले. संत्रं आलं नाही. आई रोज ती बारीक अक्षरं वाचायची आणि मला विचारायची, "काही होईल ना गं, वेदिका?" मी "बघू" म्हणायचे. दोन आयांच्या मध्ये उभी होते मी, आणि कोणाकडे पाहायची हिंमत नव्हती.

एकतीस तारखेला दिवस मावळायच्या सुमारास बेल वाजली. दारात धम्मानंद, आणि त्याचा हात धरून कवडूबाबा.

"जय भीम, बाई," बाबा उंबऱ्याबाहेरूनच आईला म्हणाले.

आमच्या घरात हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. आई क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "जय भीम. आत या ना, असे बाहेर का?"

धम्मानंदनं आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझा लॅबमधला उद्योगसुद्धा. शेवटी म्हणाला, "काकू, मी सही द्यायले तयार आहे. मालिका आज बंद झाली तरी महिन्याभरात परत येईन. तुमी सांगा."

आईनं बाबांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी का म्हणू, बाई? तुमाले तुमचा लेक दिसते त्याच्यात." बाबा जमिनीकडे पाहत होते. "मले माही बायको गुत्त्यात दिसते."

आई उठली. आत गेली, रोजच्यासारखं ताट वाढून घेऊन आली. टीव्ही लावला. तिसरा भाग. मला ओरडावंसं वाटलं, अगं, निदान यांच्यासमोर तरी नको! पण तिनं आवाज पूर्ण बंद केला. मुका गुत्ता, मुके ग्लास. ऋषी बाकड्यावर बसला, हसला. आई त्याच्याकडे पाहत राहिली. घास काही तिनं उचलला नाही.

"ऊठ बाळा," ती पडद्याला म्हणाली. "किती दिवस बसवून ठेवलं मी तुला तिथं. चल, ऊठ आता."

आणि तिनं स्वतःच्या हातानं टीव्ही बंद केला.

तिच्या समोर ताट तसंच होतं. भात, वरण, पोळी. मला त्या ताटाची भीती वाटली. उद्यापासून काय?

तेव्हा धम्मानंदनं खिशातून एक जुना मोबाईल काढला. काच तडकलेली. "काकू, त्या दिवशी मालिकावाल्यायच्या मशीनसोबत म्या बी माहा मोबाईल देवळीत लावून ठेवला होता, अन् बागेत निघून गेल्तो. आई गेल्यावर हे उघडायची हिंमत नाही झाली. परवा बाबानं जिद्द केली, पुरी आयकव म्हणे. शेवटाले... तुमीच आयका."

जात्याची घरघर आली. वच्छलाबाईंचा आवाज आला, ती ओवी आली. या वेळी मागं गुत्ता नव्हता, कोंबड्या होत्या, कुठंतरी बादली वाजली. ओवी संपली, आणि...

"काकू, अजून एक म्हणा ना!"

आई ताडकन सरळ झाली. ऋषी! नाटकातला नाही, पाठ केलेला नाही. आमचा, घरातला ऋषी.

"पयले जेवून घे गा पोट्ट्या. रिकाम्या पोटी का गाणं आयकतं?"

"नको काकू, आई ताट झाकून बसलेली असते. घरी जेवलो नाही तर फार रागावते."

"नाही रागावत. तुह्या मायले सांग, नरखेडच्या वच्छलानं जेवू घातलं म्हणा तुह्या पोराले. उपाशी नाही धाडलं."

"दोनच भाकरी हं, काकू... तिसरी नको..."

तो हसला आणि तिथंच ते संपलं.

आईनं तोंडावर पदर धरला. ती इतकी रडली, इतकी रडली... दोन वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. "सांगितलं होतं हो त्यानं," ती बाबांना म्हणाली. "एका काकूंनी खूप आग्रहानं जेवू घातलं म्हणाला होता. मीच ऐकून घेतलं नाही. मी ताट ओतलं..."

"तिले समजलं असतं, बाई," बाबा म्हणाले. "ते बी अशीच होती. म्या बाहेर खाल्लं तं ताटवाटी फेकायची."

आई रडता रडता हसली. मग मला म्हणाली, "वेदिका, यांची पानं वाढ. जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्यामागून तो पाण्याचे पेले घ्यायला आला. म्हणे मदत करायला.

"सही नका करू," मी म्हटलं.

"नाही करत."

"आणि ती संत्री गोड होती. सगळी."

"मले माहीत हाय."

"मग रोज का आणत होता?"

"तुमी आंबट म्हणत होत्या म्हणून." त्यानं पेला खाली ठेवला. स्वेटरच्या आतून माझा स्टोल काढला, टपरीवरचा, धुऊन घडी केलेला. पण या वेळीही दिला नाही. "वेदिका... मी येत राहू का? तिकडे तीन वर्षांची सही देऊन पस्तावलो मी. इथं मुदत नाही टाकत."

त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं. माझे डोळे आईसोबत रडून आधीच सुजलेले, टिकली कुठं गेली होती कोणास ठाऊक. मी त्याच्या हातातल्या स्टोलचं एक टोक धरलं. दुसरं त्याच्याकडेच राहू दिलं.

"मला गायला येत नाही आणि जात्यावर दळता येत नाही," मी म्हटलं. "चालेल?"

"भांडता तं येते ना?"

"ते येतं."

"मंग चालते."

बाहेर आलो तेव्हा टीव्ही काळाच होता. उद्या त्यात 'संत्रागल्ली' शोधली तरी सापडणार नव्हती. माझ्या भावाचं ते हसणं आता कुठंच नव्हतं, आणि ते परत येणार नव्हतं.

आई ताटासमोर बसली होती. तिनं वरणभात कालवला, थांबली. सवयीनं तिची नजर पडद्याकडे गेली. घास हातात तसाच राहिला. कवडूबाबांनी ते पाहिलं. त्यांनी स्वतःच्या पानाला हातही लावला नव्हता.

"घ्या, बाई," ते हळूच म्हणाले. "लेक तुमचा जेवून गेला हाय."

आईनं घास तोंडात घातला.